खड्ड्यातलं धाबं

मी फारसं बोलणारा माणूस नाही. नगरपालिकेत ओव्हरसियर होतो तेव्हा कचेरीतले शिपाई माझी नक्कल करायचे. त्यात दोनच शब्द असायचे, ‘बघू’ आणि ‘ठेवा’. त्या दोन शब्दांवर माझी नोकरी चांगली निभावली. एका माणसाची मात्र गेली, आणि नोकरीबरोबर त्याचं नावही गेलं. त्याच्याबद्दल लिहायचं आहे. आजपर्यंत लिहिलं नाही याचं कारण एवढंच की लिहायला बसलं की स्वतःचं नाव पहिलं येतं.

गावाचं नाव लिहीत नाही. सुरत-भुसावळ लाइनीवरचं, मिरचीच्या व्यापाराचं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे. मी धानोऱ्याच्या बाजूचा. घरात अहिराणी, शाळेत आणि कचेरीत पुस्तकी मराठी. ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन पालिकेत लागलो तेव्हा आपण अजून मुंबई राज्यात होतो आणि माझं लग्न व्हायचं होतं.

गावात पत्र्याची घरं थोडी, कौलांची त्याहून थोडी. बाकी सगळी धाब्याची. ज्यांनी धाबं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सपाट छप्पर. लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, आडव्या काड्या, त्यावर निंबाचा पाला, त्यावर मातीचा जाड थर, आणि सगळ्यांत वर खारी. खारी म्हणजे पांढरट, खारवट माती. ही ओली झाली की फुगते, दबते आणि थेंबभर पाणी खाली जाऊ देत नाही. दरवर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की बायामाणसं टोपल्या घेऊन निघायची आणि पावसाच्या आत धाब्यावर नवी खारी पसरायची. का, तर आदल्या वर्षीची निम्मी खारी पावसात वाहून पन्हळांतून गल्लीत गेलेली असायची.

गल्लीतून ती कुठे जायची? गावाच्या वरच्या तीन गल्ल्या उतरत्या. त्यांचं सगळं पाणी बाजारामागच्या एका मोठ्या खड्ड्यात यायचं. कुस्तीचे चार आखाडे बसतील एवढा तो होता. वाहत आलेली खारी तिथेच बसायची आणि पुढल्या वैशाखात लोक तिथूनच ती खणून परत डोक्यावर नेऊन धाब्यावर टाकायचे. शंभर वर्षं असंच चाललेलं असावं. कोणी ठरवलेलं नव्हतं. लोक खणत होते म्हणून खड्डा खड्डाच राहिला होता, आणि खड्डा होता म्हणून त्याच्या पलीकडची खालची गल्ली कोरडी राहत होती. मी सर्व्हे केला तेव्हा नकाशावर फक्त ‘खोलगट पडीक जागा’ असं लिहिलं.

आमचे अध्यक्ष व्यापारी, मूळ राजस्थानकडचे. भला माणूस. शेजारच्या गावाने बाग केली हे त्यांना फार लागलं होतं.

“ओव्हरसियर, वो लोगोंके यहाँ फवारा है. आपल्याकडे काय आहे? खड्डा!”

मी खड्डा भरून वर बाग करायचा नकाशा काढला. भरावाला किती गाड्या मुरूम लागेल त्याचा हिशेब करत काठावर उभा होतो, तेव्हा नवा रोजंदारी माळी शेजारी येऊन उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, काटक. खांडबाऱ्याच्याही आतल्या एका डोंगराळ खेड्यातला. आयुष्यभर जंगलात रोपं लावायचं काम केलेलं. त्याच्या फेट्यात नेहमी वाळ्याची एक मुळी खोचलेली असायची. त्याची घरची बोली वेगळी, पण गावात तो आमच्यासारखंच बोलायचा, आणि सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा. अध्यक्षांनाही. पहिल्यांदा सगळे दचकले, मग सवय झाली.

“काय करी ऱ्हायना सायेब?”

“खड्डा भरायचा आहे.”

“भरी देशी? मंग पानी कथा जाई? तुन्हा घरमा?”

मी गाड्या मोजत राहिलो. पण रात्री जेवताना घास तोंडात तसाच राहिला. म्हातारा बरोबर बोलला होता. वर्गात मला मोऱ्या बांधायला शिकवलं होतं, पाणी लवकरात लवकर गावाबाहेर काढायला शिकवलं होतं. पाणी गावातच थांबवून जिरवायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. सकाळी मी त्याला बोलावलं आणि विचारलं, तू असतास तर काय केलं असतंस? त्याने काठीने जमिनीवर रेघा मारून दाखवलं. खड्डा तसाच ठेवायचा. बाग खड्ड्यात करायची. पाणी जिथून येतं त्या तोंडाशी वाळ्याच्या तीन रांगा, म्हणजे गाळ तिथेच अडेल. उतारावर करंज आणि जांभूळ, म्हणजे काठ ढासळणार नाहीत. तळाला लव्हाळा आणि हरळी, ज्यांना पाण्यात दोन दिवस बुडून राहिलं तरी काही होत नाही. अध्यक्षांसाठी वरच्या काठावर कण्हेर आणि तगर.

“फवारा?” अध्यक्षांनी विचारलं.

“पावसायामा दख ना,” माळी म्हणाला. “तीन गल्लीसना फवारा एकदमच येस.”

अध्यक्ष हसले आणि बाग मंजूर झाली. मुरमाच्या गाड्या वाचल्या म्हणून सभासदही खूश.

पहिल्या पावसाळ्यात बागेने चोख काम केलं. जोराचा पाऊस आला की मोरीतून लाल-पांढरं पाणी धडधडत आत यायचं, वाळ्यात अडखळायचं, पसरायचं. गुडघाभर उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जिरायचं. खाली मुरमाचा थर होता. खालच्या गल्लीतल्या विहिरींना पाणी वाढलं असं तिथले लोक सांगायचे. संध्याकाळी माणसं काठावर येऊन बसू लागली. जिल्ह्याहून एक मोठे इंजिनियर आले होते, त्यांना अध्यक्षांनी मुद्दाम बाग दाखवली.

“हे डोकं कोणाचं?” त्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. माळी खुरपं घेऊन चार हातांवर उभा होता. मी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटतं, कारण सवय तिथून लागली.

माळ्याला एकच हवं होतं, कायम व्हायचं होतं. रोजंदारीवरचा माणूस काम कमी झालं की केव्हाही घरी बसवला जायचा. कायम झाला की बारमाही काम, गणवेशाचा सदरा, आणि गावी गेल्यावर सांगता येईल असं काहीतरी. त्याच्या गावातलं कोणीही तोपर्यंत सरकारी म्हणता येईल अशा जागेवर कायम नव्हतं.

“तुन्हा एक कागदनं काम शे ना सायेब?”

“हो.”

“मंग लिख.”

“बघू,” मी म्हणालो.

आता तारेच्या कुंपणाचं सांगतो. तो सगळा माझाच उद्योग. बाग झाल्यावर पहिल्या वैशाखात वरच्या गल्ल्यांतल्या बाया नेहमीसारख्या टोपल्या-कुदळी घेऊन आल्या आणि तळ खणू लागल्या. तगरीच्या दोन ओळी तुडवल्या गेल्या. हरळीचे गठ्ठेच्या गठ्ठे निघाले. मला संताप आला. कोणी बागेत कुदळ घेऊन येतं का? मी काटेरी तार लावून घेतली आणि पाटी रंगवली, ‘माती खोदण्यास सक्त मनाई आहे.’ पाटी वाचता येणाऱ्या बाया त्या गल्ल्यांत दोन-तीन असतील. तार सगळ्यांना वाचता आली.

एक बाई कमरेवर टोपली घेऊन तारेपाशी उभी राहिली आणि बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, “ओ सायेब! तुन्हा घरवर पत्रा शेत, तुले काय! आम्हनं धाबं गळी ते तुन्ही तगर डोकावर धरसूत का?”

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, “चाल वं माय, सायेबनी बागमा आते देव बठाव. दर्शन लेवो आनि जावो.”

त्या गेल्या आणि गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या, टेकाडावरून बैलगाड्यांनी खारी आणू लागल्या. मला वाटलं, प्रश्न मिटला.

माळ्याने मात्र त्याच दिवशी सांगितलं, “येऊ दे त्यासले. त्या खनतस म्हनीसन खड्डा शे.”

“बाग खराब होते आबा.”

“बाग मी परत लावसू. हरळी काय, आठ दिनमा येस. खड्डा परत कोन खनी?”

मी त्याला एकटा असताना आबा म्हणायचो, हे इथे सांगून ठेवतो.

झालं काय, ते कोणालाही कळण्यासारखं आहे. आधी गावची खारी गावातच फिरत होती. आता बाहेरून नवी खारी गाड्यांनी येत होती, पावसात वाहून खड्ड्यात उतरत होती, आणि खड्ड्यातून एक टोपलीही बाहेर जात नव्हती. वाळ्याच्या रांगांशी साचलेला गाळ माळी एकटा काढायचा, पण पाण्यात विरघळून पुढे गेलेली बारीक माती तळाला बसायची. तार लावल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात पाणी पाच दिवस राहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी आठवडा उलटला तरी बेडूक ओरडत होते.

पावसाळा संपल्यावर माळ्याने मला तळाशी नेलं. कुदळीने एक चौकोन काढला. वर हिरवी हरळी, तिच्याखाली टीचभर जाड, गुळगुळीत, पांढरा थर. कापलेल्या खरवसासारखा. त्याने त्या चौकोनात तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं उकिडवे बसून त्याकडे पाहत राहिलो. त्याने बिडी पेटवली. बिडी संपली. पाणी होतं तेवढंच होतं.

“दख,” तो म्हणाला. “खड्डामा धाबं पडी ऱ्हायनं.”

मला कळलं नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. मला त्याच क्षणी कळलं होतं. छपरावर टाकतात ती माती, पाणी जाऊ देत नाही म्हणून टाकतात ती माती, आम्ही बागेच्या तळाला दोन वर्षं अंथरत होतो. बाया दरवर्षी कुदळीने ते धाबं फोडत होत्या, आणि मी बायांना हाकललं होतं.

“काय करायचं?” मी विचारलं.

“तार काढ. नईतं दोन गाड्या दे आनि सहा मानसं दे, आखाजीनं पयलं. मी काढी टाकस सगळं.”

“अर्ज दे.”

“मले लिखता येस का? तू लिख.”

मी लिहिला. चांगल्या पुस्तकी भाषेत, सुवाच्य अक्षरात. तळाशी गाळाचा थर साचून पाणी जिरणे बंद झाले आहे, येत्या पावसाळ्यात खालच्या गल्लीस धोका संभवतो, तरी गाळ काढण्यास गाड्या व मजूर मिळावेत अथवा नागरिकांस पूर्ववत माती नेण्याची मुभा द्यावी. मी वाचून दाखवलं. त्याला ‘धोका संभवतो’ आवडलं, परत म्हणायला लावलं. मग त्याने अंगठा दिला आणि बोट फेट्याला पुसलं.

“कधी देशी?”

“ठेवा,” मी म्हणालो, आणि अर्ज माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

तो मी पुढे पाठवला नाही. आवक रजिस्टरला चढवला नाही. कारणं सांगतो, ती मोठी नाहीत. अर्ज अध्यक्षांसमोर गेला की पहिला प्रश्न आला असता, तार कोणी लावली? त्याच महिन्यात ते मोठे इंजिनियर परत येणार होते आणि बढतीच्या यादीत माझं नाव वरच्या जागेसाठी होतं. मी ठरवलं, ते येऊन जाऊ देत, मग अर्ज आणि माळ्याला कायम करण्याची शिफारस असं दोन्ही एकदम पाठवू. ते आले, गेले. मग लग्नासाठी रजा घेतली. आखाजी आली, गेली. वरच्या गल्लीतले लोक पांढरीवरून गाड्या भरून आणत होते. माळी दोनदा आठवण करून गेला. तिसऱ्यांदा आला नाही, एकटाच कुदळ घेऊन तळ फोडत बसला. एकटा माणूस चार आखाडे किती फोडणार?

त्या वर्षी श्रावणात पाऊस सलग नव्हता, पण आठवड्यापूर्वीची एक सर खड्ड्यात तशीच उभी होती. कानबाई ही आमच्याकडची श्रावणातली देवी, तिच्या विसर्जनाचा दिवस होता. बाया कानबाई डोक्यावर घेऊन, फुगड्या घालत नदीकडे निघालेल्या, आणि भर दुपारी आभाळ फुटलं. तासाभरात तिन्ही गल्ल्या वाहू लागल्या. मी छत्री घेऊन धावत गेलो तेव्हा खड्ड्यात जागाच नव्हती. पाणी दक्षिणेच्या काठावरून, कण्हेरीच्या बुंध्यांमधून शांतपणे खालच्या गल्लीत उतरत होतं. आवाजसुद्धा नव्हता. मला वाटलं होतं पूर म्हणजे आवाज असतो.

माळी छातीभर पाण्यात पूर्वेच्या काठाशी होता. तिकडून नाला जवळ. तो कुदळीने काठ फोडत होता, स्वतः लावलेला करंज त्याने मुळासकट आडवा पाडला होता.

“ये ना सायेब! हात लाव!”

मी उतरलो. आम्ही दोघांनी मिळून काठ फोडला, पाणी नाल्याकडे वळलं आणि खालच्या गल्लीत जाणारं पाणी थांबलं. पण तोवर तिथल्या मातीच्या भिंतींनी पायातून पाणी प्यायलं होतं. सात घरं बसली. सण होता म्हणून बहुतेक माणसं घराबाहेर होती. एक बाई मागच्या खोलीत डाळ भरडत होती, तिच्यावर भिंत आली. मांडीचं हाड मोडलं. तिला गाडीने चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण पुढे कायम लंगडत चालली.

गल्लीतल्या लोकांनी छपरांवर चढून काय पाहिलं होतं? फेट्यावरून ओळखू येणारा माळी कुदळीने बागेचा काठ फोडतो आहे, एवढंच. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की माळ्याने बांध फोडला आणि गाव बुडवलं.

पालिकेची चौकशी कमिटी बसली. पाच सभासद, मधोमध अध्यक्ष. मी टिपणं घ्यायला बाजूला. माळी दाराशी उभा.

“काठ तू फोडलास?”

“हा. नालाकडला.”

“का?”

“पानी जावाले. नईतं अख्खी गल्ली बसती.”

“गाळ भरत होता तर कळवायचं नाहीस का आधी?” एका सभासदाने विचारलं.

“कळाडं व्हतं. कागद दिधा व्हता. या सायेबनी लिखा, मी अंगठा दिधा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, “काय ओव्हरसियर? असा अर्ज आहे?”

टेबल शेजारच्या खोलीत होतं. उठून दहा-बारा पावलं.

मी म्हणालो, “आवकमध्ये नोंद दिसत नाही.”

वाक्य अक्षरशः खरं होतं. ते मी आधीच तयार करून ठेवलेलं होतं, हे मला बोलल्यावर कळलं.

“अरे बाबा, नोंदच नाही तर अर्ज कुठला?” सभासद हसले. “दारूत दिला असशील.”

माळी दारू पीत नव्हता. तो माझ्याकडे वळला. “सायेब, तू ते खनमा ठेवा व्हता ना? याद कर.”

“आठवत नाही,” मी म्हणालो.

त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल. मला ते चाललं असतं. तो अध्यक्षांना म्हणाला, “ऱ्हाऊ दे. सायेबले याद नई. त्याले बहू काम ऱ्हास.”

आणि पाण्यात आणखी कोण होतं हे तिथे कोणी विचारलं नाही. मी त्याच्या शेजारी उभा राहून काठ फोडला, हे मी आपणहून सांगितलं नाही. निकाल मीच लिहिला. ‘सदर इसमाने निष्काळजीपणाने गाळ साचू दिला व वरिष्ठांची परवानगी न घेता बागेचा काठ फोडल्याने…’ आबा म्हणत होतो त्याला सदर इसम लिहिलं. तोच कागद त्याच्यापुढे धरला, त्याने अंगठा दिला, बोट फेट्याला पुसलं.

जाताना त्याने कुदळ, दोन खुरपी आणि झाऱ्या माझ्या ताब्यात दिल्या. म्हणाला, “वाळा उखडी गया. मुळ्या मी ओला फडकामा गुंडाळी ठेयात, जांभूळखाले. आठ दिनमा लाव, नईतं मरतीन.” मग स्टेशनकडे गेला.

मुळ्या मी लावून घेतल्या. पुढच्या वैशाखात तारही काढली, गाजावाजा न करता. बाया आल्या, खणू लागल्या, खड्डा पुन्हा खोल झाला. पाणी पुन्हा दोन दिवसांत जिरू लागलं. माझ्या कामाच्या पत्रकात त्याचाही ‘सुधारणा’ म्हणून उल्लेख झाला आणि मला वरची जागा मिळाली. अर्ज मी जाळला. कधी, कुठे, ते लिहिण्यासारखं नाही. चुलीत जाळला.

पाच-सहा वर्षांनी कचेरीच्या कामाला बांबू पाहायला खांडबाऱ्याला गेलो. बाजाराचा दिवस. एका झाडाखाली तो बसला होता. पुढ्यात पळसपानांच्या द्रोणांत आंब्याची, पपईची रोपं. मला पाहून मी वळेन म्हणून की काय, तोच उठून आला. हात धरला. बसवलं. चहा मागवला. जमलेल्या लोकांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि मग मला कळावं म्हणून आमच्या बोलीत परत सांगितलं.

“हाऊ मन्हा सायेब. यानी मन्हा कागद लिखा व्हता, ‘धोका संभवतो’ असा. मोठा लोकेसनी दाबी दिधा. सायेब बिचारा काय करी?”

ते सगळे माझ्याकडे आदराने पाहत होते. मी बशीत चहा ओतला.

“खनतस का बाया आते?” त्याने विचारलं.

“खनतस.”

“मंग बेस.”

तेव्हा सांगता आलं असतं. झाडाखाली, दहा माणसांसमोर, ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं नेमकं त्यांच्यासमोर. गाडीला तास होता. मी चहा संपवला. त्याने जांभळाची दोन रोपं दिली, पैसे घेतले नाहीत. मी ती घेतलीसुद्धा.

तो गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मी आता दुसऱ्या खात्यात आहे, दुसऱ्या गावी. गेल्या हिवाळ्यात सुट्टी काढून त्याच्या खेड्यात गेलो. त्याची बायको अंगणात नागली पाखडत होती. मी ओळख सांगितली. तिने सूप खाली ठेवलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. अर्ज, खण, कमिटी, काठ कोणी कोणी फोडला ते. इतकं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

ती पाखडत राहिली. मग म्हणाली, “तो मरापावत तुन्हं चांगलं सांगे.”

तिने सुपात मूठभर नागली घातली.

“गावमा लोके त्याले हसेत. ‘गाव बुडाई उना’ म्हनेत. लगनमा, मयतमा. तो म्हने, मी कागद दिधा व्हता. लोके म्हनेत, दखाड. काय दखाडी तो?”

“मी चुकलो.”

“मले कसाले सांगस?” ती म्हणाली. “मले माहीत व्हतं तो कसा व्हता. ज्यासले माहीत नई त्यासले सांग.”

मी विचारलं, काही हवं का. तिने सूप झटकलं. “तुले गाडी शे ना? जाय.”

येताना मी तिच्या गावच्या पाटलाकडे थांबलो आणि त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण माझ्यावर विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. कमिटीतले अध्यक्ष आणि दोन सभासद वारले. एक सुरतेला मुलाकडे असतो. एकाला ऐकू येत नाही. उरलेला एक भेटला, तो म्हणाला, “सोडा हो, कोणाला आठवतंय?” पालिकेतल्या नव्या कारकुनाला विचारलं की जुना निकाल दुरुस्त होतो का. त्याने नियम पाहिला आणि तशी तरतूद नसल्याचं नम्रपणे सांगितलं.

आठवत होतं ते खालच्या गल्लीतल्या लोकांना. म्हणून शेवटी तिकडे गेलो. डाळ भरडताना जिच्यावर भिंत पडली ती बाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. मी कोण ते तिला सांगावं लागलं नाही. मी तिच्या पायाकडे न पाहता बोललो. माळ्याने वेळेत अर्ज दिला होता, तो मी दाबला. खड्डा भरला तो माझ्या तारेमुळे. काठ त्याने फोडला तो तुमची गल्ली वाचवायला, आणि तो फोडताना मी बरोबर होतो.

तिने दुखरा पाय हाताने जवळ ओढला. “त्या मानूसले मी इतला वर्स शिव्या दिध्यात,” ती म्हणाली. “रोज उठता-बसता. पाय दुखना का त्याले शिवी.”

“माहीत आहे.”

“तुले काय माहीत शे?”

मग तिने दाराकडे तोंड करून हाक मारली. “ओ सूनबाई, बाहेर ये. समोरनासले बी बलाव.” सून हात पुसत आली. समोरच्या घरातून एक म्हातारा आणि दोन बाया आल्या, ओट्याखाली उभ्या राहिल्या.

“आते परत सांग,” ती म्हणाली. “पयलेथीन.”

मी परत पहिल्यापासून सांगितलं.